कुसुमची चिठ्ठी

मैत्रिणींनो, फ्रेंचमध्ये खुर्ची स्त्रीलिंगी आणि बाक पुल्लिंगी का? मला सांगता येत नाही. आज वर्गातही एवढंच म्हणायला हवं होतं.

साताऱ्यात रविवारी मी फ्रेंच शिकवते, हे आपण मैत्रिणी आळीपाळीनं लिहितो त्या या फिरत्या वहीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. मुली आपल्या शंका नाव न घालता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात आणि मी त्या मोठ्यानं वाचते. आज एक निघाली: ‘खुर्ची बाईमानूस आन् बाक बाप्या, आसं का हाय?’ उत्तर येईना. वेळ मारून न्यायला मी ती हेल काढून वाचली. वर्ग खो खो हसला.

कोरेगावची कुसुम उभी राहिली. ती नर्स आहे. पाँडिचेरीच्या इस्पितळात जागा मिळावी म्हणून शिकते.

“माजी हाय चिठ्ठी. हसा की, बाई! फुडच्या रविवारी न्हाई यायची मी,” म्हणाली आणि निघून गेली.

माझ्या घरीही सगळे असंच बोलतात. पदवी मिळाली आणि मी ती बोली लपवायला शिकले. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का?

दुपारच्या एसटीनं मी कोरेगाव गाठलं. कुसुमची आई म्हणाली, “आवं बाई, आदी बसा तरी.”

मी उभ्यानंच म्हणाले, “कुसुम, माजं चुकलं. मला उत्तर येत न्हवतं, म्हून तुला हसले.”

“मग तसं म्हनायचं की,” कुसुम म्हणाली.

त्यांच्या ओसरीवर आजचा राहिलेला धडा तिला शिकवूनच मी परतले.