विष्णूच्या जीपचा पंखा

“विष्णूनं पाणी बघितलं नाय, म्हणून इंजिन जाम झालं.” कशेळ्याच्या जीपथांब्यावर आजही हेच सांगितले जाते — जणू सांगणारे स्वतः बॉनेटमध्ये वाकले होते. हे साफ खोटे आहे. का, ते मी आजवर कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

खालापूरच्या एका मेकॅनिकचे म्हणणे निराळे: मोठ्या मोटरला रेडिएटर लहान पडला. तेही चूक. कर्जतला माझे गॅरेज होते आणि दुसऱ्या गाडीची डिझेल मोटर त्या जीपमध्ये मीच बसवली होती. रेडिएटर मी पारखून घेतला होता. त्याबाबत मी कोणाचे ऐकून घेणार नाही.

मग जीप तापत का होती?

जीप दुसऱ्याची, विष्णू तिचा ड्रायव्हर. उतारू भरून निघायचा आणि वाटेत ओढ्यापाशी थांबायचाच. बॉनेट उघडले की वाफ उठे — पांढरी, संथ, घाई नसलेली. उतारू बांधावर बसत. त्यांचे चेहरे, मागची भातशेती, पलीकडचे डोंगर, सारे तिच्यात विरघळून जाई. अजूनही दुपारी डोळा लागला की मी त्या ओढ्यापाशी असतो, आणि वाफ ओसरतच नाही.

“काका, उभी असली की गार, पळाली की तापते. आसं कसं वो?” विष्णूने एकदा मला विचारले.

“तू पळवतोस म्हणून.”

“मंग काय, ढकलत नेऊ?”

सगळे हसले. मीही हसलो. रोगाचे निदान मात्र त्यानेच सांगून टाकले होते. पंख्याने समोरची हवा रेडिएटरमधून आत ओढायची असते. तो उलट बाहेर फेकू लागला, तर उभ्या गाडीचे कसेबसे भागते. धावत्या गाडीत समोरचा वारा आणि पंख्याची हवा एकमेकांना अडवून धरतात. आणलेल्या मोटरचा पंखा मोडका होता. गॅरेजात पडलेला दुसरा मी लावला. बोल्ट नेमके बसले — पण तो उलट दिशेने फिरणाऱ्या मोटरसाठी घडवलेला होता. चूक कोणाचीही होते. तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

एके दिवशी चढावर मोटर जाम झाली. जीप ओढून गॅरेजात आणली, तेव्हा मी सर्वांत आधी पंखा बदलला. मग मालक आला, आणि मीच म्हणालो, “पाणी बघितलं नसेल.” होय — थांब्यावरचे ते वाक्य माझे आहे.

“काका, तुमच्याम्होरंच भरलं ना मी?”

मी हात पुसत राहिलो. मालकाने किल्ली काढून घेतली. पुढे विष्णूच्या हाती कोणी गाडी दिली नाही. आता तो एका फार्महाऊसचे फाटक उघडतो, आणि मला अजूनही काकाच म्हणतो.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला आपली चूक जीप ओढून आणल्यावरच उमगली असेल. नाही. त्याच दिवशी सकाळी, जीप उतारूंसह निघण्याआधी, मोटर चालू असताना, मी रेडिएटरच्या जाळीसमोर रुमाल धरला होता. खालापूरचा तो मेकॅनिक शेजारीच चहा पीत उभा होता, आणि त्याच्यादेखत चूक कबूल करून जीप थांबवणे मला जमणारे नव्हते. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो माझ्या तोंडावर उडाला.