लिंबावरची तीन गाठोडी

आमच्या घरी त्या वर्षी कोणीही वारलं नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवते, कारण जिंतुरातल्या बऱ्याच लोकांना ते अजून पटलेलं नाही.

सगळं सुरू झालं वाळूच्या ढिगापासून. आमचे घरमालक माणिकराव घरावर माडी चढवत होते आणि त्यासाठी अंगणात दोन ट्रक वाळू येऊन पडली होती. माझी नणंद सुशीला हिची एक मांजर होती, बेगम. बेगमचा असा समज झाला की ही सोय खास तिच्यासाठी केलेली आहे. (त्याआधी ती कुठं जात होती, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं किती सुखाचं होतं, ते नंतर कळलं!) चौथ्या दिवशी लतीफ मिस्त्रींनी थापी खाली टाकली.

"मालक, मैं मकान बांधने को आया. बिल्ली का संडास साफ करने को नहीं आया!"

माणिकराव थेट आमच्या दारात. "बाई, एक तर मांजर ठिवा, न्हाई तर खोल्या ठिवा. दोन्ही जमायचं न्हाई."

सुशीलानं रडायला सुरुवात केली. एरवी मी तिला रडू दिलं असतं. पण पूर्ण्याचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. मुलगा रेल्वेत कारकून, स्वभावानं शांत, क्वार्टर मिळालेलं. सुशीलाला सत्ताविसावं लागलं होतं आणि आधीची दोन स्थळं पत्रिकेवरून परत गेली होती. हे तिसरं हातचं गेलं असतं तर सासूबाईंनी अंथरूण धरलं असतं. अशा वेळी मुलीचे डोळे सुजलेले चालत नाहीत. तेव्हा मी म्हटलं, "रडू नको. मांजरही राहील आणि खोल्याही. मी व्यवस्था करते."

व्यवस्था हा माझा प्रांत. मी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर होते. कुठली गोष्ट आत आली, कुठली बाहेर गेली, मधे किती दिवस थांबली, याची नोंद ठेवायची हेच माझं काम. मांजराचं तरी दुसरं काय असतं?

तेलाचा रिकामा डबा आडवा कापून आणला. कडा ठोकून घेतल्या. वाळूला हात लावायची सोय नव्हती, म्हणून बंबातली राख चाळून त्यात भरली. बेगमनं डबा हुंगला, आत उतरली आणि पहिल्याच दिवशी काम केलं. घरात सणासारखं वातावरण! पण दोन दिवसांनी डबा घासायची वेळ आली आणि घरातली सगळी माणसं एकदम कामात गुंतली. हे शाळेच्या वह्या तपासायला बसले. दीर सायकलचं चाक काढून बसला. सासरे जपाला बसले, तेही दुपारी! डबा मी घासला. घासता घासता ठरवलं की याला आतून अस्तर हवं. अस्तर उचलायचं, टाकून द्यायचं, डबा कोराच्या कोरा.

आधी वर्तमानपत्र घातलं. ते भिजून डब्याला असं चिकटलं की महिनाभर आतल्या बातम्या वाचता येत होत्या. मग युरियाच्या पोत्यात आतून प्लास्टिक असतं ते घातलं. बेगमनं उकरायला सुरुवात करताच त्याचा असा आवाज झाला की ती घाबरून पळाली, पंजात प्लास्टिक अडकलेलं, आणि राख स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत! सासरे डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा आपोआप भस्म लागलेलं.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी रिकामं करून टाकलेलं सिमेंटचं पोतं कापून घातलं. चांगलं जाड, उकरून फाटणार नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पोत्याच्या विणीत सिमेंट होतं, आणि मांजराकडून पाणी मिळत होतं. सकाळी उचलायला गेले तर अस्तर, राख आणि बाकी सगळं मिळून एकच लादी! मिस्त्रींना छिन्नी मागायला गेले तर ते स्वतः बघायला आले. बोटानं टकटक केलं.

"बाई, ये तो हमारे कालम से भी पक्का हय," ते म्हणाले आणि माणिकरावांकडे बघून गप्प झाले.

शेवटी सापडलं ते मांजरपाट. (कापडाचं नाव मी ठेवलेलं नाही.) कोरा पांढरा मांजरपाट आणून सुशीलाकडून सात चौकोन शिवून घेतले, आठवड्याला सात. डब्यात चौकोन पसरायचा, वर राख घालायची. सकाळी चार टोकं उचलायची, गाठ मारायची, की झालं! कचऱ्याची बैलगाडी दहाला यायची, तेव्हा मी कचेरीत असायची. गाठोडं खाली ठेवलं तर कुत्री फोडायची. म्हणून ते फाटकाबाहेरच्या लिंबाला टांगायचं. गाडीवाला राख गाडीत झटकायचा आणि कापड कंपाउंडवर टाकायचा. ते फिनेलमध्ये धुवून परत वापरात.

एके दिवशी ह्यांनी विचारलं, "हे गाठोडं आजचं का कालचं?" बरोबरच होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी बांधायला लागले. वार आणि वेळ. "शनिवार, सकाळी सव्वासहा." अक्षर माझं बरं आहे.

इथं चाणाक्ष वाचकांना शंका आली असेल. मला आली नाही. पांढऱ्या कोऱ्या कापडात बांधलेली राख, दाराबाहेरच्या झाडाला टांगलेली! आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, गंगाखेडला गोदावरीत सोडायला नेईपर्यंत बाहेर झाडालाच टांगतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आपण केलेल्या व्यवस्थेकडे माणूस परक्या नजरेनं बघत नाही.

पूर्ण्याची मंडळी मंगळवारी यायची होती. मी सोमवारची रजा टाकली आणि यादी केली. एकूण एकतीस कामं. सासू-सासरे आणि दीर शनिवारीच चारठाण्याला मावशींना आणायला गेले होते, सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं परतणार होते. कचऱ्याच्या गाडीचा बैल शनिवारपासून लंगडत होता, त्यामुळे लिंबावर तीन गाठोडी साठली होती. ती माझ्या यादीत होती! सत्ताविसावं काम, "गाठोडी उतरवणे", मंगळवार, सकाळी सात.

मंडळी सोमवारी आली.

मंगळवारी बंद पुकारला होता. विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या त्या वर्षांत एसटी कधी निघेल आणि कुठं अडेल याचा नेम नसायचा, म्हणून त्यांनी शहाणपणानं एक दिवस आधीच गाडी धरली. मी खिडकीतून बघितलं तर फाटकाशी तीन माणसं उभी: मुलाचे वडील गोविंदराव, मुलगा प्रकाश आणि मुलाचे मामा. मामांनी टोपी काढली. लिंबाकडे बघून हात जोडले. मग बाकीच्या दोघांनीही जोडले.

"अहो, बघा तरी!" मी ह्यांना म्हटलं. "किती संस्कारी माणसं हायेत! दारातल्या झाडालासुद्धा नमस्कार करायलेत!"

आम्ही दोघं धावत बाहेर गेलो, मागून सुशीला.

"या, या! आत या ना!"

"नगं ताई," गोविंदराव हळू आवाजात म्हणाले. "आमाला काहीच कळवलं न्हाई तुमी."

"अहो, उद्या येणार म्हणून... पण चालतंय की! सगळं तयार आहे."

मामा चिठ्ठ्या वाचत होते. ओठ हलत होते. "शनिवार, सव्वासहा... रविवार, सव्वासहा... सोमवार..." त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "आज सकाळीबी?"

"हो," मी म्हटलं. "रोज सकाळी. वेळ चुकू देत नाही मी."

मामा दोन पावलं मागं सरकले.

"पत्रात तर घरात सहा माणसं लिहिली होती तुमी," गोविंदराव म्हणाले.

"बरोबर. बाकीचे तिघं..."

"नगं सांगू माय!" मामांनी हात वर केला. "बोलायला तरास हुतो अशा टायमाला. पानीबी नगं आमाला. येतो आमी." आणि जाता जाता गोविंदरावांच्या कानात, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "तीन दिवसांत तीन! साथ हाय काहीतरी, भावजी. तोंडाला रुमाल लावा. आणि आता वरीसभर ह्या घरात मंगलकार्य न्हाई. दुसरीकडं बघू."

तिघं झपाझप निघून गेले. मी अजून हसतमुख उभी.

"चहा न घेता गेले?" हे म्हणाले.

सुशीला लिंबाखाली उभी होती. तिनं वर बघितलं, चिठ्ठ्यांकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "वैनी, तुमी आमच्या आई-बाबांच्या अन् धाकट्या दादाच्या अस्थी टांगल्यात."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ह्यांनी सायकल काढली. मी सोमवारचं गाठोडं उतरवलं (पुरावा नको?) आणि मागं कॅरियरवर बसले. खड्ड्यात सांडू नये म्हणून गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. त्यानं फार वाईट झालं. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. माझ्या कचेरीतले शिपाई समोरून आले, सायकलवरून उतरले आणि मान खाली घालून म्हणाले, "बाईसाहेब, उद्याची रजा मी सांगतो साहेबांला."

स्टँडवर परभणीची गाडी सुटायच्या बेतात. तिघं आत बसलेले. मी दारातून चढायला लागले तर कंडक्टरनं अदबीनं अडवलं. "ताई, ही परभणीपर्यंतच हाय. गंगाखेडची गाडी तिकडं लागती. अस्थीला तिकीट पडत न्हाई."

"अस्थी नाहीत हो या!" मी ओरडले. "गोविंदराव, खाली या! कोणी वारलं नाही!"

गोविंदराव खिडकीतून डोकावले. मामांनी त्यांना मागं ओढलं. "दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं!"

"मांजराचं आहे हे!"

सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"मांजराच्या अस्थी?" कंडक्टर म्हणाला. "एवढी माया?"

"अस्थी नाहीत! मांजराचं... ते असतं ना... सकाळचं..." पंचायत समितीत अकरा वर्षं मसुदे लिहिले, पण त्या क्षणी एक शब्द सुचेना. ह्यांच्याकडे बघितलं, तर शाळेत मराठी शिकवणारा हा माणूस सायकलची हवा तपासत होता! तेव्हा मी बोलणं सोडून दिलं आणि गाठ सोडली.

वारा होता. राख उडाली ती सरळ खिडकीतून मामांच्या अंगावर.

"अंगावर पडली!" मामा किंचाळत उठले. "आता मला सुतक! मला न्हायला पाहिजे! कोणाची हाय तेवढं तरी सांगा!"

एवढ्यात राखेच्या मागून वास पोचला. पुढच्या तीन बाकांवरची माणसं एकदम मागं गेली. मुलगा, प्रकाश, तेवढा जागचा हलला नाही. त्यानं नाक वर केलं, एक मोठा श्वास घेतला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, हे मांजराचंच हाय. आमच्या पार्सल ऑफिसात चार मांजरं हायेत. मी वळखतो."

"म्हंजी कोणी गेलं न्हाई?" गोविंदराव.

"कोणी नाही! सगळे चारठाण्याला आहेत!"

"मग ती येळ? सकाळी सव्वासहा?"

"ती बेगमची."

"ही बेगम कोण?"

प्रकाशला हसू आवरेना. हसत हसत तो खाली उतरला, मागून गोविंदराव आणि सगळ्यांत शेवटी, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, मामा.

आमच्याकडे आल्यावर मामांनी तीन बादल्या पाण्यानं अंघोळ केली. मग बघण्याचा कार्यक्रम झाला. माझ्या यादीत मुलीला विचारले जातील असे अठरा प्रश्न आणि त्यांची उत्तरं होती. प्रकाशनं एकच विचारला. "मांजर किती वर्षांची हाय?" सुशीला म्हणाली, "चार." दोघंही बराच वेळ खाली बघून हसत होते.

संध्याकाळी शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून पिठलं-भाकरी घेऊन आल्या, दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. दार सासूबाईंनी उघडलं. काकूंचं पातेलं अजून आमच्याकडेच आहे.

आठ दिवसांनी गोविंदरावांचं पत्र आलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला वाचायला सांगितलं. मी मोठ्यानं वाचलं: "मुलगी पसंत आहे. मांजरही पसंत आहे, सोबत पाठवावी. मामांची एकच अट आहे. लग्नाची व्यवस्था मुलीच्या वहिनींनी करू नये."

घरातल्या एकानंही या अटीला हरकत घेतली नाही. लग्न ह्यांनी आणि दिरानं केलं, कुठलीही यादी न करता, आणि ते अत्यंत उत्तम पार पडलं. ताटं वेळेवर वाढली गेली, आहेर चुकले नाहीत, मामा खूश. मला त्या दिवशी एकच काम दिलं होतं: मंगलाष्टकं संपेपर्यंत बेगमला मांडीवर धरून बसायचं.

दुसऱ्या मंगलाष्टकाला ती मामांच्या खुर्चीखाली सापडली.