डोहावरची पांढरी रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आता लिहायला बसलेय, तर मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले — तहान नसताना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पंधरा वर्षं नौदलात होते. निवृत्त होऊन खालापूरजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा मी सात वर्षांची होते. तोवर आमची गाठ सुट्टीपुरतीच. ती कसर त्यांनी अशी भरून काढली म्हणता! माझ्या वेण्यासुद्धा तेच घालायचे, आणि जहाज बांधून ठेवायचंय अशा घट्ट. शाळेत पोचेपर्यंत माझ्या भुवया वर ओढलेल्या असायच्या.

आणि पोहणं. गावातल्या एकूण एक पोरीला पोहता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आमच्या पाताळगंगेला वरच्या वीजघरातून पाणी सुटतं — भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना नदी चढते. म्हणून अण्णांनी डोहाजवळच्या खडकावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती. पाणी रेघेखाली आहे का बघायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं, मगच शिट्टी. शिट्टीशिवाय कुणी पाय ओला करायचा नाही. "पान्यात काय झालं तर ते माज्या डोक्यावर," असं आयांना सांगून त्यांनी पोरी गोळा केल्या होत्या.

वेण्या काय, शिट्टी काय... मुद्द्यावर ये ना बाई!

मी चौदा वर्षांची होते. एप्रिलची दुपार, अंगाची नुसती काहिली. मला डोहात उतरायचं होतं. शेजारची सुषमा, माझी जिवाभावाची मैत्रीण, काठावरच थांबली. "नको गं, शिट्टी नाय झाली." आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले! — "अण्णांनी रेघ बघितलीय. जा म्हणालेत."

अण्णा तेव्हा जेवून घरात आडवे झाले होते. त्यांना मी विचारलंच नव्हतं. रेघेकडे मी स्वतःही बघितलं नव्हतं.

पाणी आलं. मी काठालगत होते, निघाले. ती मधे होती. घर हाकेच्या अंतरावर म्हणून, माझी बोंब ऐकून अण्णा धावले, अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि तिला ओढून आणलं. जीव वाचला. पण खडकावर आपटून तिचा उजवा कोपर मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं हो.

संध्याकाळी तिची आई आमच्या अंगणात उभी. "तुमी पाठवलंत पोरींना? सुषी तसं सांगते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ? मला नाही सांगता येणार, मी वेणीचं टोक चावत जमिनीकडे बघत होते.

"हां वैनी," ते म्हणाले. "मीच पाठवलं. माजंच चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून डोहावर एकही पोर आली नाही. अण्णा चार-पाच दिवस सकाळी जाऊन रेघ बघून आले, मग शिट्टी खिळ्याला अडकवून टाकली. मला एका शब्दाने विचारलं नाही. वेण्या घालत राहिले, तेवढ्याच घट्ट. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? आता तरी खोटं कशाला बोलू — नसतं सांगितलं.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेराव्याला सुषमा नेरळहून आली. डाव्या हाताने फोटोला फूल वाहिलं, आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "मी त्यांना कधीच माफ केलंय गं. माणूस हाय, चुकतो."

मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं. आणि विचारलं, "चहा घेतेस ना?"

तेव्हापासून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते. परवा तिचाच होता. त्यांच्या सोसायटीत पोहायचा तलाव झालाय, लेक हट्ट धरून बसलीय, पण हिचं मन घेत नाही. म्हणाली, "अण्णांसारखा माणूस चुकला, मग पोरीला कुणाच्या भरवशावर पाण्यात सोडू, तूच सांग."

"हो ना," मी म्हणाले.