हारांऐवजी

तेव्हा आमच्या घरात प्रेत होतं, सरणाच्या लाकडांना पैसे नव्हते आणि येणारा प्रत्येक जण हार घालत होता. शेजारची शांता कानाशी लागून म्हणाली, "बाई, वखारवाला आधी पैसे मागतोय." तेवढ्यात आणखी एक जण हार घेऊन दारात आला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, हार परत करा. त्याचे पैसे लाकडांना द्या."

चुलत दीर खेकसला, "वहिनी, लाज सोडली काय?"

"सोडली. तुम्ही भरता का वखारीत?"

शांतानं परात पुढं केली. लोकांनी नोटा टाकल्या, पण माझ्याकडे कुणी बघेना.

आज समोरच्या दारात तिरडी बांधताहेत आणि हारांचा ढीग साचलाय. स्मशानात ते काढून बाजूला टाकतात. मेलेल्याला हार घालताना कुणी मागंपुढं पाहत नाही. घरच्यांच्या हातात पैसे द्यायची मात्र लाज वाटते, आणि घेणाऱ्यालाही वाटते. गेलेल्या माणसाची बायको आत भिंतीला टेकून बसलेली दिसते. लाकडांचं झालं का, हे तिला कुणी विचारलं नसणार. मी चपला घालते.

तेव्हा गेला तो माझा नवरा होता, आणि पैसे मागितले ते मी.