साल्विंगची बोराकायची खोली

साल्विंग एकटी जेवली असेल का, ही काळजी मला रोज लागते. आज तरी लागायला नको होती. उद्या दुपारी ती माझ्या मुलीला, जोव्हेलिनला, मॉलमधल्या त्या हॉलमध्ये सही करायला घेऊन जाणार आहे, आणि संध्याकाळी जे कळलं त्यानंतरही, सगळं घर झोपलेलं असताना, मी तिच्या जेवणाचाच विचार करते आहे.

जोव्हेलिनच्या बाप्तिस्म्याला साल्विंगने तिला हातांवर घेतलं. तेव्हापासून ती तिची निनांग, धर्माची आई, आणि साल्विंग व मी एकमेकींच्या कुमारे. हे नातं बहिणीपेक्षा अवघड असतं. बहिणीशी भांडता येतं. कुमारेला उलट प्रश्न विचारायचा नसतो. ती चांगलं म्हणाली की चांगलं. खात्री करून घ्यायला जाणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं.

तशी वेळ साल्विंगने कधी आणलीही नव्हती. ती शाळेचे गणवेश शिवायची. जोव्हेलिनचा स्कर्ट दर जूनला उसवून लांब करून द्यायची, पैशांचं नाव काढू द्यायची नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा मुलगी तिच्याकडे राहिली आणि चांगली गुबगुबीत होऊन परत आली. माझ्या पातेल्यात डोकावून ती म्हणायची, "कॉलेजात भात शिकवत नाहीत वाटतं. पोरगी माझ्याकडे राहू दे, पदवी तू ठेव." चर्चमध्ये गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा.

इथल्या निम्म्या घरांतल्या पुरुषांसारखा तिचा नवराही बोटीवर नोकरीला होता. एकदा तो सुट्टीवर आला असताना दोघांनी ते सभासदत्व घेतलं. दरवर्षी एक आठवडा बोराकाय बेटावरच्या रिसॉर्टमध्ये, समुद्राकडे तोंड असलेली खोली, पंचवीस वर्षं. हॉलमध्ये फुकट जेवण होतं, कर्कश गाणी होती, कोणी सही केली की घंटा वाजायची. घंटा वाजली तेव्हा नवऱ्याने चारचौघांत आपला हात धरला, हे ती अजूनही लाजत सांगते. दोघांचा वाळूवरचा फोटो तिच्या भिंतीवर आहे. तो वारल्यानंतरही दर उन्हाळ्यात ती बोराकायला जाऊन यायची आणि आमच्यासाठी सुकवलेले आंबे आणायची.

माझा जावई रेनानही बोटीवरच असतो. पाविया गावातल्या जागेवर घर बांधायचं म्हणून दोघं लग्नापासून पैसे साठवत आहेत. मागच्या महिन्यात साल्विंगने जोव्हेलिनपुढे तेच सभासदत्व ठेवलं. "नवरा जन्मभर पाण्यावर," ती म्हणाली, "पण तुझ्या शेजारी बसून कधी समुद्र बघितलाय का त्याने?" जोव्हेलिन तिथेच विरघळली. घराचे बहुतेक पैसे आधी भरायचे आणि उरलेले हप्त्यांनी. मला खटकलं. पण सांगणारी निनांग होती. रेनानने बोटीवरून होकार कळवला आणि सहीचा दिवस ठरला.

आज मी लास्वा, भाज्यांचं पातळ कालवण, केला होता. थोडा तिच्याकडे घेऊन गेले. वाटीतली भेंडी बाजूला सारत ती सहज म्हणाली की आता रिसॉर्टच्या देखभालीच्या वर्गणीतून सुटणार आहे. मी विचारलं, ते कसं काय? तिने काही लपवलं नाही. नवरा गेल्यावर वर्गणी वाढतच गेली. सभासदत्व विकायला काढलं तर कोणी फुकटही घेईना. मग रिसॉर्टच्या माणसाने वाट दाखवली. नवीन माणूस आणून सही करवली की त्या वर्षाची वर्गणी माफ. चर्चच्या गायनातल्या दोघींना ती आधीच घेऊन गेली होती. जोव्हेलिनची सही झाली की तिचं नाव कायमचं काढणार आहेत.

"आणि खोली?" मी विचारलं.

"एकदाच मिळाली, कुमारे. स्वयंपाकघराच्या मागची. पुढे कधीही विचारलं की सगळं भरलेलं."

"मग दर उन्हाळ्यात कुठे जात होतीस?"

"गिमारासला, बहिणीकडे. आंब्यांचंच बेट ते, आंबे आणखी कुठले असणार?"

ती थोडी हसलीसुद्धा. मला हसू आलं नाही.

"साल्विंग, जोव्हेलिन तुझी मुलगी आहे."

"म्हणून तर तिच्याकडे गेले. परक्याने माझं ऐकलं असतं का?" तिने वाटी खाली ठेवली. "तिला काही बोलू नकोस. एकदा मी बाहेर पडले की माणसं कशी आणायची ते तिलाही शिकवीन. पोरीला अडकून पडू देणार नाही मी."

हे ती मायेने म्हणाली. माझा हात हातात घेऊन म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडं तिथेच टाकून मी निघून आले.

मघाशी वाटलं, आधी साल्विंगलाच फोन करावा. मी मुलीला सगळं सांगणार आहे, हे तिला माझ्याकडून कळावं. इतक्या वर्षांच्या नात्याला तेवढं तरी द्यायला हवं. फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की माझं बोलणं संपताक्षणी ती जोव्हेलिनला फोन करेल, आणि जोव्हेलिन तिचंच ऐकेल. कालपर्यंत साल्विंगबद्दल असा विचार माझ्या डोक्यातही आला नसता.

जोव्हेलिन कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला आहे. आता तिची जेवणाची सुट्टी होईल. फोन मी तिलाच करते.