हरिपूरच्या पेवांवर यांच्या खांद्याची परीक्षा

लढाई संपून हे घरी आले आणि सहा महिने नुसते बसून कंटाळले. अशात पलटणीतल्या दोस्ताचं पत्र आलं: सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाल हवेत. हे लगेच वळकटी बांधून निघाले. मी शाळेत रजा टाकली.

"तू कशाला?"

"काम बघती. मग ठरवू." मास्तरणीशी लग्न केलं की परीक्षा चुकत नाही.

कोरेगावहून सकाळची गाडी धरा आणि भाकरी-ठेचा घरूनच न्या. कराड स्टेशनावर चहा बरा मिळतो. मिरजेला गाडी बदलावी लागते. सांगलीत भडंग घेतलं आणि टांग्यानं हरिपूर गाठलं. रस्त्याला दुतर्फा चिंचा, उन्हाचं नाव नाही. हे शीळ घालत होते. इतक्या खुशीत त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मला उलट भीतीच वाटायला लागली.

पेव म्हणजे जमिनीतलं खोल कोठार. झाकण काढून हवा खेळेपर्यंत कुणी आत उतरत नाही, जीव गुदमरतो. मग आतले हळद भरून देतात, वरचे दोरानं ओढतात आणि पोती गाडीवर चढवतात.

तिथले आण्णा मुकादम सत्तरीचे. ते यांना पोतं उचलायला सांगतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, "पटका सोडा, गड्या. परत बांधा."

हे हसले. "आवं आण्णा, वरातीला आलोय व्हय?"

"बांधा की."

यांचा उजवा हात कानापर्यंत गेला आणि थांबला. मग यांनी मान कलती करून डोकंच हाताखाली आणलं. परत आल्यापासून हे असाच पटका बांधत. मी रोज चिडवायचे, "काय हो हा मिलिटरीचा तोरा!" हे नुसते हसायचे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चिंचांकडे बघत राहिले.

आण्णांनी खांदा दाबून पाहिला. "कवापासनं?"

"ट्रकमधनं पेट्या उतरवायचो. दोन वरीस झालं."

"आज तुमी पोतं उचलाल बी. पण गाडीवर टाकाया हात डोक्याच्या वर जातो, दिसाला शंभर बारी. पावसाळ्यापतोर हात कामातनं जाईल. मी न्हाई घेत."

"आण्णा, मला काम पायजे. बायकू कमावती, मी बसून खातो."

"व्हय. पर हात बी पायजे."

आण्णांनी आग्रहानं जेवायला थांबवलं. भाकरी, वांग्याची भाजी, ताक, सगळं सुरेख होतं. हे मात्र खाली मान घालून जेवले. परतीच्या गाडीत मी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण मिरज ते कराड हे खिडकीबाहेरच बघत राहिले.

कोरेगावात उतरलो. लग्नाला सात वर्षं झाली, यांनी मला कधी ओझं उचलू दिलं नव्हतं. आज वळकटीपाशी हे नुसते उभे राहिले.

"अगं, ही तू घेतीस का? मला उचलवत न्हाई. लय दुखतंय."

मी वळकटी काखेत मारली. लोक वळून बघत होते, बघू देत. घर येईपर्यंत हे माझ्या शेजारी चालत कुठं कुठं दुखतं ते सांगत होते आणि मी ऐकत होते.

हरिपूरला जरूर जा, नदी आणि चिंचा बघण्यासारख्या आहेत. यांना काम अजून मिळालेलं नाही. पण आता खांदा ठणकला की हे मला हाक मारतात.