सोमवार, बुधवार, शुक्रवार

"धर माझा गळा," शेलार सिस्टर म्हणाल्या. मी मागे सरकले. वराळ्याच्या रुग्णसेवेच्या कोर्सचा तो माझा पहिला दिवस. मी हिंगोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्याला हात कसा लावायचा? नुसती बोटं टेकवली, तर सिस्टरांनी हातावर फाडकन मारलं. "गोंजारतीस काय? वातात गेलेला म्हातारा असा धरतो व्हय? दाब!" मी दाबलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, मग त्यांचं कोपर कसं फिरलं कोण जाणे, मी फरशीवर आडवी. "ऊठ. आता तुझा गळा."

प्रत्येक तुकडीची सुरुवात त्या अशीच करत. त्यांचा उभा जन्म वॉर्डात गेलेला. डाव्या कानाची पाळी फाटून तिचे दोन तुकडे लोंबत होते. तापात बरळणाऱ्या एका रुग्णाने कुडीसकट ओढली होती म्हणे. "त्याचा काय दोष? ताप डोक्यात गेलता. पेशंट मारतो तवा दुखण्याला मारतो, आपण मधी सापडतो." आणि लगेच बोट रोखून, "पण शुद्धीत असून मारतो तो पेशंट न्हाई. त्याची गय करायची न्हाई." मूळच्या कुरवंड्याच्या. संचालक सरांशी बोलताना शहरी शुद्ध बोलायला लागायच्या आणि दुसऱ्या वाक्याला गावात पोचायच्या.

लॉकडाऊन संपला तरी संस्थेला ऑनलाइनची गोडी राहिली होती. एकदा सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून बेत सांगितला. लेक्चर सगळी मोबाईलवर, प्रॅक्टिकल महिनाअखेरीला सलग आठवडाभर. मुली घरी राहून शिकतील, हॉस्टेल बंद करता येईल. सर वाईट नव्हते, बऱ्याचजणींच्या सोयीचंच होतं ते. टाळ्या पडल्या. सिस्टरांनी विचारलं, "फोनवरनं गळा कसा धरायचा, सर?" हॉल हसला. "व्हिडिओ करू की, सिस्टर," सर म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी टाळी वाजवली नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "घरी कोण आहे?"

"आई. आणि दादा."

"पाठ दाखव."

मी दाखवली. "कशानं?"

"मोटारीच्या पट्ट्यानं." दोन मुलांच्या बिजवराला मी नाही म्हणाले, म्हणून. आईने मला चोरून इथे धाडलं होतं. हजेरी रोज लागते, चुकली तर भरलेले पैसे बुडतात, एवढ्या एका गोष्टीवर दादा गप्प होता. सिस्टरांनी पाठीवरून हातबीत फिरवला नाही. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

सरांचा बेत अजून पक्का व्हायचा होता, पण तो पालकांच्या ग्रुपवर आधीच गेला होता. त्या आठवड्यातच, आम्ही खाटेवरची चादर बदलायला शिकत असताना, दादा सरळ वर्गात शिरला. माझी वेणी मनगटाला गुंडाळून त्याने ओढली. "फोनवर शिकवायलेत ना आता? मंग घरी बसून शिक!" शिकलेलं सगळं मी विसरले. त्याने माझं डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात आलं. दुसऱ्यांदा आपटणार तोच सिस्टरांनी स्टीलचं बेडपॅन त्याच्या मनगटावर घातलं. हाड वाजलेलं मी ऐकलं.

त्याने डाव्या हाताने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. सिस्टर भेलकांडल्या, दात थुंकल्या. "तापबीप हाय का रं तुला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"न्हाई ना? मग झालं." पुढचा तडाखा कानाखाली बसला. तो गुडघ्यांवर आला आणि मग वर्गातल्या सगळ्या मुली त्याच्यावर पडल्या. कोणी चावलं, कोणी लाथा घातल्या. "नाकावर न्हाई गं, श्वास घेऊ द्या त्याला!" सिस्टर रक्ताळल्या तोंडाने शिकवतच होत्या. "चादर तिरपी घ्या. गाठ खाटेला, माणसाला न्हाई!" पोलीस आले तेव्हा दादा आवळून बांधलेला होता, आणि गाठी बरोबर होत्या.

तोंडात कापसाचा बोळा धरून सिस्टर तशाच सरांच्या केबिनमध्ये गेल्या. जबाबासाठी मलाही बोलावलं होतं. त्यांनी टेबलावर कागद ठेवला. "सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रॅक्टिकल. मधल्या दिवशी फोन."

"अहो, मग लांबच्या मुली घरी कशा जाणार?"

"न्हाईच जाणार."

"म्हणजे हॉस्टेल..."

"चालू राहणार. आदल्या दिवशी बघितलेलं दुसऱ्या दिवशी हातानं केलं तरच हाताला कळतं. महिनाअखेरीला काय कपाळ कळणार? पटत नसंल तर मी बी घरी बसते. शिकवा तुमी व्हिडिओवरनं."

कागदावर त्यांच्या हनुवटीवरून थेंब पडत होते. सरांनी एकदा माझ्या कपाळावरच्या ताज्या टाक्यांकडे बघितलं आणि सही केली.

मी बाहेर येऊन त्यांच्या पाया पडायला वाकले तर खेकसल्या, "वाकू नको, टाके उसवतील."

सिस्टर गेल्या हिवाळ्यात वारल्या. मी आता लोणावळ्यात एका दवाखान्यात कामाला आहे. अजूनही दारावर जोरात थाप पडली की माझा हात आधी वेणीकडे जातो. मला सुट्टी असेल त्या शुक्रवारी प्रॅक्टिकलला मदत म्हणून वराळ्याला जाते. नव्या मुली कुरकुरत असतात. "ताई, कोणी केलंय हो हे येडपट वेळापत्रक? एक दिवस वर्ग, एक दिवस फोन! सगळे वर्ग सलग ठेवले असते तर आरामात घरी नसतो का राहिलो?" बाकीच्या हो ला हो करतात. मी काही सांगत नाही. कोण गप्प बसली आहे, तेवढं बघून ठेवते.